पोचल्याचा फोन

प्रिय गृहस्वामिनीस,

परवा फोनवर तू विचारलंस, "मग? बोललात का आईशी? काय म्हणाली?" आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" म्हणत फोन ठेवून दिला. आवाज उत्तम येत होता. तुझ्या मागे आपली नात टाहो फोडत होती, तो सूरही स्पष्ट होता, आणि तो तिच्या आजीवर गेला आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. अडचण वेगळीच होती. तुझ्या मातोश्री माझ्यापासून हातभर अंतरावर चष्मा पुसत बसल्या होत्या. ज्या बाईने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली, तिच्यासमोर फोनवर खासगी बोलणं म्हणजे पोलीस चौकीच्या बाकावर बसून घरफोडीचा बेत करण्यासारखं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. बाळ झोपलं की वाच. झोपत नसेल तर त्याच्या कानाशी मोठ्याने वाच; माझ्या वर्गात या उपायाने पुष्कळ जण झोपलेले मी पाहिले आहेत.

निघताना स्टेशनवर तू मला दोन कामं नेमून दिली होतीस. एक, कुंड्यांना रोज पाणी घालायचं. दोन, लेकीचं बाळंतपण तारखेच्या अलीकडे आल्यामुळे तुझ्या जागी मी आईंना बर्फातल्या त्या उंचावरच्या देवळाला घेऊन जायचं, आणि त्या प्रवासात त्यांना कायमचं आपल्याकडे राहायला यायला तयार करायचं. कुंड्यांविषयी आपण समक्ष बोलू. दुसऱ्या कामाबद्दल तू गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणालीस, "मला रात्रीची झोप लागत नाही हो. तो जिना..." पुढचं ऐकू आलं नाही, पण तो जिना मला माहीत आहे. घड्याळजीच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या, आणि हलत्या कठड्याचा तो अंधारा जिना. मागच्या थंडीत दुधाच्या पिशवीसकट त्या तिथे घसरल्या आणि कुणालाही हाक न मारता दुकान उघडायची वाट पाहत पायरीवर बसून राहिल्या. हेही त्यांनी आपल्याला सांगितलं नाही. घड्याळजीने सांगितलं.

गेली कित्येक वर्षं तू त्यांच्या मागे लागली आहेस. गोडीने सांगून झालं, रागावून झालं, एकदा रडूनही झालं. उत्तर ठरलेलं: "मला माझं घर आहे." बरं, येतच नाहीत असंही नाही. येतात, जेवतात, मिठावरून बोलतात, आणि दिवस कलला की पायात चपला. तुझं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा दिवसभर उशाशी बसल्या आणि अंधार पडायच्या आत टॅक्सी बोलावून निघून गेल्या. आपल्या घरात त्या एकदाही झोपल्या नाहीत. तुला वाटायचं, आईला मुळात जवळीकच जमत नाही. मला वाटायचं, याचं कारण मी. पहाटे उठून खड्या आवाजात धातुरूपं म्हणणारा जावई कुठल्या सासूला सोसेल? हे मी तुझ्यापाशी कधी बोललो नाही, कारण त्यावरचा उपाय तू लगेच सुचवला असतास.

आणि तुझी ती जुनी तक्रार. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की तिची संथा देऊ शकेन. शाळा सुटली की तू किल्लीने घर उघडायचीस, दप्तर टाकून खाली औषधाच्या दुकानात जायचीस आणि एक्स्चेंजला फोन लावून सांगायचीस, "आई, पोचले." पलीकडून यायचं, "पोचलीस? ठेव." संपलं. पडलीस, भांडलीस, पहिली आलीस, काहीही सांगायला तोंड उघडावं तर फोन बंद. "सगळ्या जगाला बोला, बोला म्हणणारी बाई, मला मात्र ठेव म्हणायची," हे वाक्य तू इतक्या निर्विकारपणे म्हणतेस की ते तुला किती लागलंय, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. ते इथे लिहून ठेवतो. पुढे लागणार आहे.

तर आम्ही पायथ्याला आलो; वाटेतल्या रात्री आईंनी बसून, जागून काढल्या. ज्याच्या नावातच बर्फाचं घर आहे, ज्याची वर्णनं मी जन्मभर फळ्यासमोर उभं राहून शिकवली, तो पर्वत समोर प्रत्यक्ष उभा होता. आणि त्याच्यापुढे एक पत्र्याची शेड, शेडमध्ये एक वजनकाटा. हेलिकॉप्टरचा सगळा कारभार या काट्यावर चालतो. वर हवा विरळ, यंत्राला उचलायला बळ कमी पडतं, त्यामुळे माणूस कोण, कुठला, किती पुण्यवान, हे कुणी विचारत नाही. किलो किती तेवढं विचारतात. बॅग हातात धरून काट्यावर उभं राहायचं, कारकून आकडा मोठ्याने पुकारतो, दुसरा तो पाटीवर लिहितो, आणि वैमानिक पाटी पाहून कुणी कुठे बसायचं ते ठरवतो. नवराबायको, मायलेकरं ही नाती तिथे चालत नाहीत. जड पुढे, हलके मागे. मला हा न्याय फार आवडला. माझी पाळी येईपर्यंत आवडला.

अर्ज तू भरला होतास. ऐनवेळी तुझ्या नावाच्या जागी माझं नाव घालताना माझं वजनही तूच लिहिलंस, आणि ते आपल्या लग्नातलं लिहिलंस. कळल्यावर मला आधी गहिवरून आलं. इतकी वर्षं समोर बसून जेवणाऱ्या माणसाचं पोट न दिसणं, याला साहित्यात मोठी मोठी नावं आहेत. पण कारकुनाचा अलंकारशास्त्राचा अभ्यास नव्हता. त्याने काट्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हीच का?" मी म्हणालो, "होतो." रांगेत हशा पिकला. आई मागून म्हणाल्या, "अहो, बॅग खाली ठेवून बघा." बॅग मी केव्हाच खाली ठेवली होती.

निकाल असा लागला की त्या खेपेत आईंना जागा होती, मला नव्हती. मी म्हणालो, "थांबा आई, पुढच्या खेपेला दोघं मिळून जाऊ." आयुष्यात पहिल्यांदा त्या जमीन सोडणार होत्या, तेही गुडघे धरत, एकट्या. त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. "पुढच्या खेपेपर्यंत तुमचं वजन उतरणार आहे का? नाही ना? मग. मी पुढे जाऊन जागा धरते." आणि पंख्याच्या वाऱ्यात कोट आवळून, वाकून, त्या आत जाऊन बसल्यासुद्धा. काचेतून हात वगैरे हलवला नाही. कानटोपी घाला, अशी खूण केली. हेलिकॉप्टर वर उठलं, कड्याला वळसा घालून दिसेनासं झालं, आणि त्याच्या मागोमाग ढग आले, खिंडीच्या तोंडात कुणी कापूस कोंबावा तसे. पुढची खेप रद्द. त्याच्या पुढचीही रद्द.

माझी अवस्था डोळ्यांसमोर आण. तुझी आई ढगांच्या पलीकडे, बर्फाच्या शेजारी, ओळखीचं एक माणूस जवळ नाही. आणि तिला सांभाळायला पाठवलेला मी खाली शेडमध्ये, सुखरूप आणि जड. तुला कळवलं नाही. बाळंतिणीच्या खोलीतून तू काय करणार होतीस, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे तू काय म्हणशील तेच डोळ्यांपुढे येत होतं.

वरच्या तळाशी बोलायला तिथे एक वायरलेस आहे. शेडच्या मागे खोली, खोलीत टेबल, टेबलाशी मफलर गुंडाळलेला वायरलेसवाला, आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले त्याचे मोजे. मी थोड्या थोड्या वेळाने दारात जाऊन उभा राहायचो आणि तो वर न बघता मान हलवायचा. शेवटी दुपार कलताना त्याने आपणहून बोलावलं. "वरून कुणी तरी बाई बोलतायत," तो म्हणाला. "आमचा माणूस कुठे गेला कळत नाही. पण बाई फार शिस्तीत बोलतायत."

यंत्रातून खरखर आली आणि खरखरीतून तुझ्या आईचा आवाज. तो जुना, ड्युटीवरचा आवाज, जो मी आजवर फक्त तुझ्या नकलेत ऐकला होता. "पंडितांना द्या. पंडित, मी पोचले. ओव्हर." वर काय घडलं होतं ते मला नंतर समजलं. आई तळावरच्या वायरलेसच्या तंबूत गेल्या आणि तिथल्या माणसाला म्हणाल्या, "माइक असा धरतात का? आइसक्रीम आहे का ते?" त्यानंतर माइक त्यांच्या हातात कसा गेला, हे त्या माणसालाही नीट सांगता आलं नाही.

वायरलेसचा नियम तुला ठाऊक नसेल. बटण दाबून ठेवलं की आपण बोलायचं. तोवर पलीकडचं आपल्याला ऐकू येत नाही. आपलं झालं की ओव्हर म्हणून बटण सोडायचं आणि ऐकायचं. म्हणजे मध्येच तोंड घालता येत नाही, दुसऱ्याचं वाक्य तोडता येत नाही. लग्नात हे यंत्र का देत नाहीत, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. त्यातून वर हवा विरळ. आई दोन वाक्यं बोलून दम घ्यायला थांबत होत्या. "तंबू बरा आहे. बायका चांगल्या आहेत. डॉक्टर म्हणतो, हळू चाला. बोलणं परवडत नाही इथे. ओव्हर." इतकी वर्षं आमचं संभाषण म्हणजे त्यांनी टोमणा टाकायचा आणि मी झेलायचा. त्या दुपारी त्यांच्याकडे टोमण्यापुरता श्वास नव्हता आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. वायरलेसवाला चहा आणायला बाहेर गेला. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

बटण दाबलं आणि सगळं बोलून टाकलं. आई, तुमच्या लेकीला तुमच्या जिन्याची स्वप्नं पडतात. आमची मागची खोली रिकामी आहे. तुम्ही तिथे राहावं असं तिला वाटतंच, पण मलाही वाटतं; मायलेकींचा विषय म्हणून मी आजवर मध्ये पडलो नाही, एवढंच. माझ्या पहाटेच्या आवाजाचा त्रास होत असेल तर मी यापुढे मनात म्हणेन. इतका मोठा त्याग मी उभ्या जन्मात कुणाला देऊ केलेला नाही. येता का? असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहत बसलो.

उत्तर नाही. खरखरसुद्धा नाही. दुखावल्या असाव्यात. चारचौघांच्या यंत्रावर असं विचारायला नको होतं. आता ठकीला काय सांगू, असंही मनात आलं. आणि मनातल्या मनात तुला ठकी म्हटल्याबद्दल क्षमस्व, तो अधिकार जगात एकाच व्यक्तीचा आहे आणि ती व्यक्ती तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. तेवढ्यात वायरलेसवाला दोन पेले घेऊन आत आला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे. "साहेब," तो म्हणाला, "बटण सोडा. तुम्हीच धरून बसलात तर वरचं यायचं कसं?"

मी प्रश्न विचारून बटण धरूनच बसलो होतो. मास्तर माणूस; प्रश्न विचारायची सवय, उत्तर ऐकायची नाही. चटका बसल्यासारखं सोडलं, तेव्हा आईंच्या बोलण्याचं शेपूट तेवढं हाती लागलं: "...आणि यातलं ठकीला काही सांगायचं नाही. ओव्हर." मी म्हणालो, आई, आधीचं काही ऐकू आलं नाही, परत सांगता का, ओव्हर. मग आवाज आला, "एकदा सांगून झालं. आता वर या. आणि रात्री जेवू नका. ओव्हर."

जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख निघालं. काट्यापाशी कारकून ओळखीचं हसला, आणि वैमानिकाने पाटी पाहून मला पुढे, आपल्या शेजारी बसवलं. मानाची जागा नव्हे, वजनाची. पायांपाशीसुद्धा काच. खाली डोंगराच्या अंगावरून पायवाट चाललेली, वाटेवर काठ्या टेकत जाणारी माणसं, आणि त्यांच्या पाठींवरून सरसरत जाणारी आमची सावली. कुणी मान वर करून पाहिलंही नाही. आमच्या पुण्याचा भाव त्यांना बरोबर माहीत होता. मी डोळे मिटून एका शब्दाच्या विभक्ती चालवायला घेतल्या. वैमानिकाला वाटलं जप चाललाय, तो अदबीने गप्प राहिला. षष्ठीपर्यंत आलो असेन, तेवढ्यात आम्ही एका कड्यावरून पलीकडे बुडालो, पोट अलीकडेच राहिलं, आणि डोळे उघडले तर समोर बर्फाचा उभा डोंगर, आणि त्याच्या पायाशी कुणी रुमाल वाळत घालावेत तसे तंबू.

आई उतरायच्या जागेभोवतीच्या दोरीच्या बाहेर कानटोपी घालून उभ्या होत्या. मी वाकून धावायला लागलो तर त्यांनी हाताने "हळू" अशी खूण केली. जवळ गेल्यावर म्हणाल्या, "पोचलात." आणि शेजारी उभ्या असलेल्या मिशीवाल्या, दांडग्या वायरलेसवाल्याकडे वळून, "खाली कळवा, पंडित पोचले." तो निमूट कळवायला गेला. एका दिवसात तो त्यांच्या हाताखालचा झाला होता.

त्या तळावर पाणी उकळतं पण डाळ शिजत नाही, चहा कोमट लागतो आणि लोक तो कृतज्ञतेने पितात. चुना लावलेल्या दगडांच्या वाटांवरून सगळे संथ चालतात, वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घेतात. वादविवाद तिथे होऊच शकत नाही. एक नवराबायको भांडायला उभे राहिलेले मी पाहिले. दोघांनी एकेक वाक्य टाकलं आणि दोघं शेजारी शेजारी दगडावर बसले.

आईंच्या तंबूतल्या बायका मला पाहायला बाहेर आल्या. त्यांतल्या एक, बेकरी चालवणाऱ्या, अंगाने मोठ्या आणि आवाजानेही, म्हणाल्या, "तुम्हीच ना जावई? मग आधी सांगा, ती छोटी पोचली का घरी?" कोण छोटी, मी विचारलं. "अहो, ठकी. मावशी रात्रभर झोपेत विचारत होत्या. ठकीचा फोन आला का, पोचली का ठकी. आम्हाला काळजी लागून राहिली. एवढीशी शाळेतली पोर, कुणाकडे ठेवून आलात तिला?" मी आईंकडे पाहिलं. कानटोपीतून दिसत होता तेवढा चेहरा लालबुंद झाला होता. मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती पन्नाशी उलटलेली बाई आहे. मागच्या आठवड्यात आजी झाली." मग बेकरीवाल्या बाई हसायला लागल्या, मागोमाग सगळा तंबू, आणि दम संपेपर्यंत, म्हणजे तिथे फार वेळ नाही, पण पोटभर हसला. झोपमोड झाली असं कुणीच म्हणालं नाही. एक म्हणाली, "माझा नवरा झोपेत ट्रक चालवतो, हॉर्नसकट. त्यापेक्षा हे किती गोड." आई कानटोपी मागे सरकवून त्या बाईकडे नीट पाहत राहिल्या.

देऊळ तळापासून थोड्या चढावर आहे. त्यांनी माझा दंड धरला. चालताना बोलायचं नाही, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. त्यामुळे थोडं चालायचं, बरा दगड दिसला की बसायचं, आणि एका दगडावर त्यांची दोन वाक्यं. तुला सलग सांगतोय, पण यात सगळा चढ गेला.

एक्स्चेंजमध्ये घरचा फोन घ्यायला मनाई होती. खुर्च्यांच्या रांगेमागून देखरेख करणाऱ्या एक मोठ्या बाई सारख्या फेऱ्या घालायच्या, आणि एवढ्याशा कारणावरून दोघींची नोकरी गेलेली आईंनी पाहिली होती. तुझा फोन त्या चुकीचा नंबर म्हणून घ्यायच्या. चुकीच्या नंबराशी किती बोलतात? दोन शब्द. तिसरा बोलला असता तर मागची पावलं थांबली असती. शाळा सुटायची वेळ झाली की त्यांचं लक्ष समोरच्या बोर्डावर लागणाऱ्या दिव्यांकडे, आणि तुला उशीर झाला की त्या भलत्यालाच भलत्याशी जोडून द्यायच्या. तुझं "पोचले" आलं की खांदे उतरायचे. "आवाजावरून कळायचं मला," पुढच्या दगडावर त्या म्हणाल्या, "आज पडली, की भांडली, की पहिली आली. विचारायची सोय नव्हती."

नोकरी संपली, पण ते वाट पाहणं संपलं नाही. ते झोपेत गेलं. तुझे बाबा होते तोवर निभावलं. त्या विचारायच्या, "पोचली का?" आणि ते अर्धवट झोपेतच म्हणायचे, "पोचली. झोप." की त्या शांत. ते गेले आणि उत्तर देणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्या विचारतच राहिल्या. घड्याळजीचं दुकान रात्री बंद असतं, ही त्यांच्या लेखी त्या घराची सगळ्यात मोठी सोय. "जावयाच्या घरात रोज रात्री हाका मारत बसू?" हे त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही शेवटच्या वळणावर होतो. माझी धातुरूपं बिचारी निर्दोष होती. मग त्यांनी तोंड बर्फाकडे वळवलं. "आणि ठकीला काय सांगू," म्हणाल्या, "की तू अजून पोचलीच नाहीस?"

मी विचारलं, काल वायरलेसवर हेच सांगत होतात? म्हणाल्या, "हो. तुम्ही बटण धरून बसला होतात. तुमचा श्वास ऐकू येत होता मला. म्हणजे माझं काही तुम्हाला ऐकू जाणार नव्हतं. मिशीवाल्याला चहाला पाठवलं आणि बोलून घेतलं."

देवळात आई हात जोडून उभ्या राहिल्या. माझं देवाशी नातं संबोधन विभक्तीपुरतं, त्यामुळे मी त्यांच्याकडेच पाहत होतो. वाटलं, गुडघ्यांसाठी काही मागतील, नातीच्या लेकीसाठी मागतील. ओठ एकदाच हलले. "पोचले," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचे खांदे उतरलेले दिसले.

खाली येताना, मी काही न विचारता, त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या मागच्या खोलीची खिडकी कुठे उघडते?" मी म्हणालो, शाळेच्या मैदानावर. "मग सुटीच्या वेळी गलका असेल." असतो. "असू दे. आणि पहाटे मनात काही म्हणायचं नाही. मोठ्याने म्हणा. चुकलात तर कळायला हवं." तर गृहस्वामिनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. त्या आल्या आहेत. एक ट्रंक, घड्याळजीने निरोपाला दिलेलं टिकटिकणारं घड्याळ आणि त्यांच्या दोन टवटवीत कुंड्या, ज्या आपल्या कुंड्यांशेजारी ठेवल्यापासून मी तिकडे पाहायचं टाळतो. ठकीला सांगायचं नाही, असं त्यांनी देवळाच्या वाटेवर पुन्हा बजावलं होतं खरं. मी हो म्हणालो नव्हतो. चढावर होतो, दम नव्हता.

पण हे सगळं तू आल्यावरही सांगता आलं असतं. पत्र लिहायला बसलो ते काल दुपारच्या गोष्टीमुळे. आई जेवून आडव्या झाल्या होत्या, मी बाहेर प्रुफं तपासत होतो, आणि मागच्या खोलीतून आवाज आला, ड्युटीवरचा नव्हे, फार तरुण आणि घाबरा: "ठकीचा फोन आला का? पोचली का?" मी दारात गेलो. तुझे बाबा म्हणायचे तसं म्हणालो, "पोचली. झोपा." त्या कुशीवर वळल्या आणि गाढ झोपल्या. म्हणजे उपाय लागू पडतो. पण मी पडलो बदली ऑपरेटर, आणि दिलेली खबर ऐकीव. तेव्हा एक कर. बैठकीतला जुना फोन, जो तू झाकून ठेवला होतास, तो मी चालू करून घेतला आहे आणि आईंच्या उशाशी स्टुलावर ठेवला आहे. परत येशील त्या दिवशी स्टेशनवर उतरलीस की माझ्या मोबाइलवर फोन करू नकोस. या फोनवर कर. मी उचलणार नाही, अंगणात असेन. त्या उचलतील. तू म्हण, "आई, पोचले." त्या म्हणतील, "पोचलीस? ठेव." सवयीने म्हणतील. तू ठेवू नकोस. आता त्यांच्या खुर्चीमागे कुणी फेऱ्या घालत नाही.

तुझाच,
पंडित